टोयोटाचं नाव एवढं का आहे ओ? खरंच की निस्तं ऐकीव?

खानापूरचा_बंड्या

नमस्कार मंडळी,

घरात गाडी घ्यायचा विषय तीन महिने चाललाय, जेवताना तेच, झोपताना तेच. आमच्या आप्पांचं एकच पालुपद, टोयोटा घे म्हणजे झालं. का ओ आप्पा म्हणून विचारलं की उत्तर काय, तर "तुझ्या काकाची क्वालिस आठव." आठवते की, कशी नाही आठवणार. पांढरी, २००२ ची, केए २२, मागं दोन बाकं समोरासमोर, त्यात आम्ही पोरं कोंबून, वर कॅरिअरला भांड्यांची पोती बांधून सौंदत्तीच्या डोंगराला. काकांनी ती विकली तेव्हा काकू रडली होती, खोटं नाही सांगत. खरं त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली आणि क्वालिसच्या आठवणीवर एवढा पैसा घालायचा म्हणजे मला जरा जड जातंय.

आता आमच्यासमोर दोन गाड्या आहेत. कागलला ओळखीतल्या एकाची इनोव्हा, २०१३ ची डिझेल, एमएच ०९ पासिंग, मीटर २ लाख २० हजार दाखवतंय, साडेसहा लाख सांगतोय. नाहीतर शोरूममधनं नवी ग्लांझा. तर दोस्त म्हणतो ग्लांझा म्हणजे मारुतीची बलेनोच की रे, शिक्का तेवढा बदललाय. मग आप्पांना त्यात टोयोटा कुठली मिळणार?

म्हणून विचारतो, हे नाव आलं कुठनं? जपानी गाड्या सगळ्याच चांगल्या म्हणतात मग हिचंच एवढं काय? आणि परवा एकजण म्हणाला ही कंपनी आधी माग बनवायची, कापड विणायचे माग. मला वाटलं थट्टा करूलालाय. जाणकारांनी सांगा. फक्त "दोन्ही सोड, तिसरीच घे" असलं कोण सांगू नका, तो विषय घरात फुटला तर परत तीन महिने.

स्टिअरिंगवाला_मामा

बंड्या, तुझ्या काकूचं रडणं मला पटलं बघ. मी ११ वर्षं क्वालिस चालवली, भाड्यानं, गोवा, पंढरपूर, तिरुपती, लग्नाची वऱ्हाडं, पेशंट, सगळं. विकली तेव्हा रडलो नाही खरं दोन दिवस जेवण गेलं नाही.

एक गोष्ट आता कोण कबूल करत नाही ती मी सांगतो. क्वालिस आली जानेवारी २००० ला आणि पहिल्यांदा बघून सगळे हसले. डबा होता डबा. इंडोनेशियात किजांग नावाची गाडी चालायची, तिचं हे जुनं रूप, तिकडं १९९७ लाच पुढचं मॉडेल आलेलं आणि आपल्याला त्याच्या आधीचं दिलं. इंजिन २४४६ सीसीचं डिझेल, टर्बो नाही, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास, आज बऱ्याच छोट्या कार पण त्याच्या वर आहेत. चोर्ला घाटात लोड भरून चढताना मागचा हॉर्न मारत बसायचा, मी म्हणायचो मार बाबा, तू आधी जा, पोचणार मी पण आहे. आणि पोचायचो.

आम्हा भाडेवाल्यांना गाडी आवडते म्हणजे काय, पहाटे ४ ला पार्टीच्या दारात सेल मारला की एका दमात चालू झाली पाहिजे. बस. पार्टीला एसी पाहिजे, पोरांना गाणी पाहिजेत, आम्हाला सेल पाहिजे. एक ट्रिप रस्त्यात तुटली की पार्टी पुढच्या वर्षी दुसऱ्याकडं जाते, आणि जाताना चार घरं घेऊन जाते. क्वालिसनं तो भरवसा दिला म्हणून टोयोटाचं नाव आमच्यात झालं, जाहिरात बघून नाही झालं. २००५ ला चांगली खपत असलेली क्वालिस बंद करून इनोव्हा आणली तेव्हा आम्ही शिव्या घातल्या होत्या, दोन वर्षांनी त्याच लोकांनी इनोव्हा बुक केल्या, मी पण त्यात आलो.

माझी क्वालिस रस्त्यात एकदाच थांबली. रात्री घाटाखाली एका पंपावर डिझेल भरलं, अर्ध्या घाटात झटके, मग बंद. पावसाळा, गाडीत आठ बायका आणि एक तान्हं. मेकॅनिक सकाळी आला, फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला तर बाटलीभर पाणी. पाणी काढलं, हातपंप मारला, चालू. त्यात गाडीचा दोष नव्हता खरं त्या रात्री मी गाडीलाच शिव्या दिल्या. त्या बायका अजून लग्नात भेटल्या की विचारतात, मामा फिल्टर बदलला का.

आता कागलच्या गाडीचं. २०१३ ची डिझेल इनोव्हा म्हणजे २४९४ सीसीचं इंजिन, लई टिकतंय, ३-४ लाख किलोमीटर झालेल्या मी हातानं चालवल्यात. म्हणूनच मीटरवर विश्वास ठेवू नको, ह्या गाड्यांचे मीटर मागं फिरवतात कारण इंजिन आवाजानं वय सांगत नाही. ब्रेक पॅडलचं रबर बघ, ड्रायव्हर सीटची कड बघ, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का बघ. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती माग, तोंडी सांगितलेलं धरू नको. आणि साडेसहा म्हणजे साडेसहा नव्हे. एमएच गाडी केए करायची तर तिकडची एनओसी आणि इकडं लाइफ टॅक्स, कर्नाटकाचा टॅक्स किती बसतो ते आधी आरटीओत विचारून ये. आमच्या गल्लीत एकानं स्वस्तात पडली म्हणून एमएच गाडी आणली आणि दोन वर्षं सरहद्दीवरचा कोगनोळी नाका चुकवत फिरला.

वडगावचा_माग

थट्टा नाही भावा, खरं आहे. आणि हे मीच सांगितलं पाहिजे कारण हे टाइप करतोय तरी मागं माझे दोन माग खटाखट चालूच आहेत.

साकिची तोयोदा म्हणून एक माणूस, जन्म १८६७, सुताराचा पोरगा. आई हातमागावर विणायची ते बघत मोठा झाला. १८९० ला लाकडी हातमाग सुधारून केला, पुढच्या वर्षी पेटंट, मग काही वर्षांत जपानमधला पहिला यंत्रमाग. खरं त्याचं मोठं काम १९२४ चं, जी टाइप ऑटोमॅटिक माग. धोटा म्हणजे आडवा धागा इकडनं तिकडं नेणारा, त्यातली धाग्याची कांडी संपली की माग न थांबता आपला आपण धोटा बदलायचा, आणि धागा तुटला की आपला आपण थांबायचा. ह्यातलं दुसरं वाक्य परत वाच. धागा तुटला की थांबायचा.

ज्यानं माग चालवला नाही त्याला ह्यात काय मोठं वाटणार नाही. माझ्याकडच्या दोन मागांपैकी एकाला ड्रॉप पिन आहेत. पत्र्याच्या बारीक पट्ट्या असतात, ताण्याच्या म्हणजे उभ्या एकेका धाग्यावर एकेक लटकलेली, धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. दुसरा जुना आहे, त्याला त्या नाहीत. त्या जुन्यावर ताण्याचा एक धागा तुटला आणि माझं लक्ष चहाकडं असलं तर माग थांबत नाही, तसाच विणत जातो, आणि साडीत उभी रेघ पडत जाते, केसाएवढी. लांबनं दिसत नाही. व्यापारी साडी उजेडाला धरतो, बोटानं ती रेघ दाखवतो, तोंडातनं शब्द काढत नाही आणि भाव पाडतो. आमच्या वडिलांनी अशी अख्खी दोन दिवसांची मजुरी एका रेघेत घालवलेली मी बघितलीय. रेघ नंतर काढता येत नाही. जिथं तुटलं तिथंच थांबला असता तर दोन मिनिटांची गाठ होती.

साकिचीनं ही गाठ मशीनच्या डोक्यात घातली. चूक झाली की मशीननं आपलं आपण थांबायचं, जपानीत त्याला जिदोका म्हणतात. १९२९ ला ह्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं १ लाख पौंडाला घेतले, म्हणजे मँचेस्टरच्या बाजूची कंपनी, जी जगाला माग विकायची, तिनं जपान्याकडनं माग विकत घेतला. १९३० ला साकिची गेला. त्याचा पोरगा किइचिरो, त्याला गाड्यांचं वेड. १९३३ ला माग कंपनीतच एका कोपऱ्यात मोटारीचं खातं काढलं, एक शेवरोले आणून सगळी खोलून मांडली, आणि १९३७ ला टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली.

नावाची गंमत सांगतो. आडनाव तोयोदा, त्याचा अर्थ भरघोस पिकणारं भाताचं शेत. म्हणजे आपल्या खानापूर बाजूचंच कोणतरी म्हणायला हरकत नाही. तोयोदाचं टोयोटा केलं कारण जपानी लिपीत टोयोटा लिहायला ८ रेघा लागतात आणि त्यांच्यात ८ शुभ. पुढं कोरोमो नावाच्या गावात कारखाना झाला आणि १९५९ ला त्या गावानं आपलं नावच बदलून टोयोटा ठेवलं. आपल्याकडं गावाच्या नावावरनं काय काय होतं ते इथं काढत नाही.

गप_बसा_की

छान चाललंय, टोयोटाची आरतीच. आता जरा पाणी ओततो.

पहिलं म्हणजे हे नाव जन्मापासनं नव्हतं. १९३५ चे त्यांचे पहिले जी-१ ट्रक रस्त्यात मोडून पडायचे, कंपनीची माणसं मागं मागं जाऊन दुरुस्त करून द्यायची. १९५० ला कंपनी बुडायला आली, माणसं काढली, संप झाला आणि किइचिरोनं राजीनामा दिला. दोन महिने गेले नाहीत तोवर कोरियाचं युद्ध लागलं, अमेरिकन सैन्यानं ट्रक मागवले, म्हणून तरली. म्हणजे गुणवत्ता वगैरे ठीक आहे, नशीब पण होतं. मग १९५७ ला क्राउन गाडी अमेरिकेत नेली. जपानच्या खराब रस्त्यांवर धावणारी ती गाडी, तिथल्या हायवेवर पळवली की गरम व्हायची, दमायची. आपटली. त्या दिवसांत अमेरिकेत त्यांचं दुकान लँड क्रूझरनं चालू ठेवलं. १९६६ ची कोरोला, १९६८ ची हायलक्स, इथनं खरं नाव सुरू होतं.

दुसरं. २००८ ला जनरल मोटर्सला मागं टाकून जगात एक नंबर झाले आणि लगेच २००९-१० ला काय झालं? गाड्या आपोआप पळतात म्हणून अमेरिकेत बोंब. पायाखालची मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकायची, काही गाड्यांचं पॅडल दाबल्यावर परत वर यायला चिकटायचं. जगभर मिळून ऐंशी लाखाच्या वर गाड्या परत बोलावल्या. फेब्रुवारी २०१० ला साकिचीचा पणतू अकिओ तोयोदा अमेरिकन संसदेच्या समितीसमोर बसला आणि म्हणाला आम्ही फार वेगानं वाढलो. इलेक्ट्रॉनिक बिघाड होता का म्हणून नासाकडनं तपासून घेतलं, तसा काही सापडला नाही, ते पण खरं सांगतो. खरं २०१४ ला लोकांना नीट माहिती दिली नाही म्हणून १.२ अब्ज डॉलर भरले. अजून. डिसेंबर २०२३ ला त्यांच्या दायहात्सु कंपनीत सेफ्टी टेस्टमधली लबाडी उघड झाली, जानेवारी २०२४ ला डिझेल इंजिनाच्या पॉवर टेस्टमध्ये गडबड निघाली. आणि ते इंजिन कोण बनवतं माहिताय का मागवाले दादा? टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे तुमच्या साकिचीची तीच मूळ माग कंपनी. आपल्याकडं पण क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स ह्यांची पाठवणी काही दिवस थांबली होती. धागा तुटला की माग थांबतो म्हणे. थांबला का?

तिसरं बंड्यासाठी. ग्लांझा २०१९ ला आली, ती बलेनोच. सुझुकीच्या कारखान्यात बनते. टोयोटा-सुझुकीचा करार आहे, टोयोटाचा सुझुकीत ५ टक्क्यांच्या आत हिस्सा पण आहे. ह्यात फसवणूक काय नाही, सगळं उघड आहे, आणि बलेनो वाईट गाडी थोडीच आहे, खेड्यापाड्यात जाईल तिथं तिचा मेकॅनिक मिळतो. फक्त आप्पांना सांग, क्वालिसचं लोखंड त्यात शोधू नका. उलट्या बाजूनं मारुतीची ग्रँड व्हिटारा बंगळूरजवळ बिडदीत टोयोटाच्या कारखान्यात बनते, आणि हायक्रॉसला शिक्का बदलून मारुती इनव्हिक्टो म्हणून विकते. तेव्हा शिक्क्यावर जाऊ नको, गाडी कुठल्या छपराखाली बनली ते विचार.

वडगावचा_माग

थांबला नाही, मान्य. ड्रॉप पिन काढून ठेवली की कुठलाच माग थांबत नाही. माझ्या शेजारी एकानं सारखा थांबतो म्हणून पिना बांधून ठेवल्यात, त्याचं उत्पादन माझ्यापेक्षा जास्त निघतं. तीन महिनेच, पुढं नाही.

उद्यमबाग_लेथ

ह्या शेवटच्या दोन पोस्टवर मला बोलायचंय. मी १९ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही त्याला बोअर आणि फेस मारतो, म्हणजे भोक मापात पाडतो आणि तोंड सपाट करतो, आणि माल गाड्यांच्या कंपन्यांना पुरवणाऱ्या मोठ्या व्हेंडरकडं जातो. तर जपानी पद्धत म्हणजे काय ते पुस्तकातनं नाही, शिव्या खाऊन शिकलोय.

आधी पुस्तकातलं थोडं. टोयोटाची ही पद्धत ज्यानं बसवली तो ताइची ओनो, तो पण मुळात मागवालाच. १९३२ ला तोयोदाच्या सूतगिरणीत लागला आणि १९४३ ला मोटारीच्या बाजूला आला. आल्यावर बघितलं तर गिरणीत एक बाई कितीतरी मशीन सांभाळते आणि इथं एका मशीनपुढं एक माणूस, मशीन चालू असलं की तो नुसता बघत उभा. तिथनं त्याचं डोकं चाललं. दोन गोष्टी धरल्या. एक, चूक दिसली की लाइन थांबवायची, दोरी ओढायची, वर दिवा लागतो, त्याला आंदोन म्हणतात. दुसरी, पुढच्याला लागेल तेवढंच मागच्यानं बनवायचं, आणि लागलं हे कळायला कार्ड, त्याचं नाव कानबान. दुकानात फळीवरचा साबण संपत आला की दुकानदार तेवढाच मागवतो, अख्खा टेम्पो उतरवून घेत नाही, तसं. अमेरिकन सुपरमार्केटवरनं हे सुचलं असं ओनो स्वतः सांगायचा.

आता माझं. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या एका लॉटमध्ये तीन पीसला ब्लो होल निघाले. ब्लो होल म्हणजे ओतताना हवा अडकून आत राहिलेलं भोक, बाहेरनं कळत नाही, बोअर मारला की उघडं पडतं. आम्ही नेहमीसारखं केलं, तीन पीस बाजूला, बाकीचा माल तपासून पाठवला आणि सॉरी म्हणून फोन केला. पलीकडच्या माणसानं सॉरी ऐकून घेतलं नाही, रागावला पण नाही. विचारलं, भोक का पडलं? वाळू ओली होती. वाळू ओली का? मिक्सरला पाणी जास्त पडलं. जास्त का पडलं? मोजायचं भांडं फुटलं होतं, अंदाजानं घातलं. भांडं फुटल्यावर नवीन का आणलं नाही? आता काय सांगणार, परचेसला सांगितलं होतं म्हटलं. मग तो म्हणाला, तीन पीसचं जाऊ दे, ते ८० रुपयांचं भांडं आज आणा, आणि फुटलं की काम थांबवायचं असं लिहून लावा. पाच वेळा का विचारायची ही त्यांची रीत. त्या दिवशी मला घाम फुटला होता, कारण चौथ्या "का" पर्यंत बोट माझ्याकडं आलं होतं.

आणि दुसरी बाजू पण सांगतो. आमच्याच भागात एक शॉप आहे, तिथं भिंतीवर सगळे बोर्ड आहेत, हिरवे-लाल दिवे, दोरी पण लावलीय. एक पोरगं तिथनं आमच्याकडं आलं. म्हणतंय दोरी एकदाच ओढली, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर आईबहिणीवरनं शिव्या दिल्या, टार्गेट तुझा बाप पुरं करणार काय म्हणून. त्यानंतर त्या दोरीवर कोणतरी टॉवेल वाळत घालतंय. बोर्ड लावायला खर्च नाही, थांबवणाऱ्याला शिवी न देणं ह्याला खर्च आहे. माझ्या मते टोयोटाचं नाव झालं ते तो खर्च पन्नास-साठ वर्षं केला म्हणून, आणि वर गप_बसा_की साहेबांनी जे सांगितलं तिथं तिथं बहुतेक टॉवेल वाळत असणार.

बिडदीत पण सगळं गोड नाही हे पण लिहून ठेवतो, २००६ ला संप, २०१४ आणि २०२० ला टाळेबंदी झालेली आहे. कामगारांचं म्हणणं कामाचा बोजा झेपत नाही, कंपनीचं म्हणणं शिस्त पाहिजे. दोघांचं ऐकलं तर दोघं खरे वाटतात.

स्टिअरिंगवाला_मामा

टॉवेल वाचून हसूलालोय एकटाच, बायको विचारते काय झालं.

ठळकवाडीची_ताई

सगळ्यांनी जपान फिरून घेतलं, बिडदीपर्यंत आले, आणि स्वतःच्या गल्लीतलं विसरले! टोयोटाची भारतातली कंपनी १९९७ ला झाली तिचं नाव टोयोटा किर्लोस्कर मोटर. त्यातले किर्लोस्कर कुठले माहीत आहे ना?

लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, गुर्लहोसूर. आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं, मलप्रभेकाठचं. (संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर पण गुर्लहोसूरचेच. एवढ्याशा गावानं किती द्यावं?) १८८८ ला लक्ष्मणरावांनी बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. ते स्वतः तेव्हा मुंबईला शिकवायला होते, तिकडनं सायकली घेऊन पाठवायचे, इकडं रामुअण्णा विकायचे. नंतर नोकरी सोडून इथं आले आणि ठळकवाडीत छोटा कारखाना टाकला, कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. शेतकरी तो नांगर घेईनात, लोखंडानं जमिनीला विष बाधेल म्हणायचे. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली असं सांगतात. जरा बरे दिवस येतायत तोवर नगरपालिकेला तिथं वसाहत करायची म्हणून जागा सोडायला सांगितली. मग औंधच्या राजांनी बोलावलं आणि १९१० ला कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडं काय राहिलं, तर किर्लोस्कर रोड. रोज त्याच रस्त्यावर भाजी घेतो आपण.

त्याच लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर, ज्यांनी टोयोटाला बंगळूरला आणलं. २०२२ च्या नोव्हेंबरात ते गेले. आणि मागवाले दादा, तुमच्यासाठी खास: त्यांचा टोयोटाशी पहिला व्यवहार मोटारीचा नव्हताच. १९९५ ला किर्लोस्कर-तोयोदा टेक्स्टाइल मशिनरी झाली, सूतगिरणीची यंत्रं बनवायला. म्हणजे जपानात मागावरनं मोटारीकडं, इथं पण सुतावरनंच मोटारीकडं. खरी मालकी म्हणाल तर मोटर कंपनीत ८९ टक्के टोयोटा आणि ११ टक्के किर्लोस्कर, त्यामुळं उगीच छाती फुगवू नका. मी शाळेत हे शिकवते तेव्हा पोरं विचारतात, टीचर, नगरपालिकेनं जागा काढून घेतली नसती तर कारखाना इथंच झाला असता का? मी विषय बदलते.

खानापूरचा_बंड्या

बापरे, मी गाडीचं विचारलं आणि तुम्ही पाटच काढून दिलात. सगळ्यांचे आभार.

काल रात्री जेवण झाल्यावर आप्पांना सगळं वाचून दाखवलं. नासा, अमेरिका, दंड, काही फरक पडला नाही, "माणूस आहे, चुकतो" म्हणाले. कंपनीला माणूस म्हणाले. ब्लो होलला जरा सावरून बसले. खरं गुर्लहोसूर ऐकल्यावर चष्मा काढून ठेवला. म्हणे माझ्या आजोबांकडं किर्लोस्करचा नांगर होता, अडगळीत अजून फाळ असंल बघ. आता अडगळ उपसायचं काम माझ्याकडं आलंय.

ग्लांझाचं मी नीट सांगितलं, बलेनो आहे, चांगली आहे, नवी आहे, वॉरंटी आहे. आप्पा म्हणाले मग बलेनोच म्हणून घेऊ, दुसऱ्याच्या नावानं कशाला. ह्याला काय उत्तर द्यायचं कोणाला सुचलं तर सांगा. आई म्हणते ह्यांना गाडी नको, क्वालिस पाहिजे.

मामा, इनोव्हावाल्याला फोन केला. बेल्टची पावती विचारली तर "बदललाय की, मेकॅनिक ओळखीचा आहे, पावती कशाला" म्हणाला. रविवारी बघायला जातोय. २०१३ ची आहे म्हणजे २०२८ ला आरसी रिन्यू पण आली, ते मी धरलं नव्हतं. केए टॅक्स नव्या गाडीएवढाच बसतो का वयानुसार कमी होतो?

स्टिअरिंगवाला_मामा

वयानुसार कमी होतो, खरं एवढाही कमी नाही की चहा पाजून मिटेल. आरटीओत जाऊन आकडा कागदावर घे, एजंटाच्या तोंडचा घेऊ नको. आणि पावती नाही म्हणजे बेल्ट बदललेलाच नाही असं धरून भाव कर, बेल्टचा खर्च वजा करून. तो नाही म्हणाला तर उठून ये. कागलहनं परत येताना निपाणीत चहा पी, डोकं थंड होतं.

रविवारी सकाळी लवकर जा आणि आधी सांग की बॉनेट उघडून ठेवू नका, गाडी चालू करून गरम करून ठेवू नका. थंड इंजिनाला पहिला सेल तू मारायचास.

वडगावचा_माग

आणि बंड्या, आप्पांना एकदा वडगावला घेऊन ये. धागा मुद्दाम तोडून दाखवतो, एक माग कसा थांबतो आणि दुसरा कसा रेघ पाडत जातो ते.

खानापूरचा_बंड्या

आणतो की. येताना फाळ सापडला तर तो पण आणतो. फक्त तुमच्यात लाइट कधी असते ते सांगा.

वडगावचा_माग

तेच तर. येताना फोन करून ये.